बाग दरबाराची, ठसा बाजाराचा

१६३० सालच्या डिसेंबरात अँटवर्प शहरात ५३ वर्षांच्या एका विधुराने १६ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. नवरदेव होता पीटर पॉल रुबेन्स. त्या काळातला युरोपातला सर्वांत नावाजलेला चित्रकार, वर स्पेनच्या राजाचा मुत्सद्दी. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ केलं होतं. मुलगी हेलेना फोरमेंट, रेशमाच्या व्यापाऱ्याची धाकटी लेक. १६३४ मध्ये एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात रुबेन्सने या लग्नाचं कारण मोकळेपणाने सांगितलं आहे. दरबारातली बायको कर, असं जो तो सुचवत होता. पण खानदानी बायकांच्या तोऱ्याची त्याला धास्ती वाटत होती. नवऱ्याच्या हातात ब्रश बघून जिला लाज वाटणार नाही, अशी बायको त्याला हवी होती.

दरबारी सोयरीक अशी टाळून या माणसाने लगेच रंगवायला काय घेतलं, तर दरबारी प्रेमाची बाग!

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं ‘प्रेमाची बाग’ हे तेलचित्र जवळजवळ दोन मीटर उंच आणि पावणेतीन मीटरहून रुंद आहे. दगडी मंडपाच्या सावलीत नटूनथटून आलेली जोडपी जमली आहेत. सॅटिनचे घोळदार झगे आहेत, रुंद काठाच्या हॅट आहेत. डावीकडे बिचकत पुढे येणाऱ्या एका बाईला एक बाळकामदेव मागून चक्क ढकलतो आहे. वर त्याचे भाऊबंद फुलं आणि मशाल घेऊन घिरट्या घालताहेत. उजवीकडे डॉल्फिनवर बसलेल्या देवीच्या स्तनांतून कारंजं उडतं आहे. मंडपाचे जाडजूड, खडबडीत खांब रुबेन्सच्या स्वतःच्या घरच्या बागेतल्या कमानीची आठवण करून देतात. नायिकांच्या चेहऱ्यांत हेलेनाची छटा आहे असं अनेकांना वाटत आलं आहे. सोळा आणि त्रेपन्न हे आकडे मला खुपतात, हेही सांगून टाकते. हेलेनाला त्या बागेत काय वाटत होतं ते तिच्या तोंडून ऐकायची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

हे चित्र स्पेनच्या चौथ्या फिलिपकडे गेलं आणि राजाच्या शयनगृहात लागलं. म्हणजे ते बघणार कोण? राजा, त्याचे दोनचार खासे आणि झाडलोट करणारे नोकर. गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

मी मुद्राचित्रण शिकवते. वूडकट, एचिंग, लिनो हा माझा रोजचा संसार. नखांतली शाई सहसा पुरती जात नाही. त्यामुळे मला मूळ तेलचित्रापेक्षा त्याच्या छाप्याचं जास्त कौतुक आहे. रुबेन्सने ही बाग पुन्हा एकदा, खास लाकडी ठशासाठी रेखाटली. क्रिस्टोफेल येगर नावाच्या कारागिराने ती दोन ब्लॉकवर कोरली. दोन कागद शेजारी शेजारी लावले की मीटरभराहून रुंद बाग उभी राहते. राजाच्या शयनगृहातली बाग अशी दुकानात आली.

सतराव्या शतकातल्या या प्रेमदृश्यांना आपण राजेरजवाड्यांची हौस म्हणून बाजूला सारतो. तेलचित्रांपुरतं ते खरंही आहे. छाप्यांचा हिशेब मात्र उलटा आहे. ज्यांच्याकडे बाग नव्हती आणि दरबाराच्या दारात ज्यांना कोणी उभं केलं नसतं, त्यांच्यासाठी या बागा छापल्या गेल्या.

कुंपण पडलं

बागेत प्रेम घडतं ही कल्पना बरोकच्या, म्हणजे रुबेन्सच्या काळातल्या त्या भपकेदार शैलीच्या, फार आधीची. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या कवींनी दरबारी प्रेमाचे नियम गाण्यांतून घालून दिले. प्रेयसी वरच्या पायरीवर आणि प्रियकर तिचा चाकर, असा तो मामला. त्याने सेवा करायची, झुरायचं, वाट बघायची. तेराव्या शतकातल्या ‘रोमाँ द ला रोझ’ या फ्रेंच काव्यात ही प्रेयसी गुलाबाची कळी होते आणि ती उंच भिंतीच्या बागेत असते. पुढे पंधराव्या शतकात तांब्यावर कोरून छापायची कला नुकती रांगत होती, तेव्हाच्या एका नेदरलँडिश वळणाच्या कोरक्याचं नावसुद्धा आपल्याकडे उरलेलं नाही. त्याने कोरलेल्या दोन बागांवरून अभ्यासकांनी त्याला ‘प्रेमबागांचा उस्ताद’ असं नाव देऊन टाकलं. म्हणजे ताम्रपत्रावरचं कोरीवकाम आणि प्रेमाची बाग जवळजवळ एकाच वयाची.

त्या जुन्या बागांना कुंपण असे. बरोकने ते काढून टाकलं. आता बाग म्हणजे जिने, कमानी, गुहा, पुतळे, लांबवर पळणारे रस्ते आणि सगळीकडे पाणी. हे पाणी खट्याळ असे. साल्झबुर्गजवळ हेलब्रुन इथे आर्चबिशप मार्कुस सिटिकुसने १६१३ ते १६१९ या काळात बांधलेल्या महालाच्या बागेत दगडी जेवणाचं टेबल आहे. यजमानाने खूण केली की पाहुण्यांच्या बैठकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या. यजमानाची जागा तेवढी कोरडी. ती कारंजी आजही चालू आहेत आणि पर्यटक पैसे देऊन भिजतात. अशा ठिकाणी दचकणं, ओरडणं, पळताना कुणाचा तरी हात धरणं हे सगळं ओघानेच आलं. दरबारात पावलापावलाला पाळायची शिस्त बागेत थोडी सैल होत असे आणि चित्रकारांना नेमका तो सैलपणा हवा होता.

लाकडातलं सॅटिन

आता येगरच्या ब्लॉकजवळ जाऊ. वूडकटमध्ये आपण रेघ कोरत नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढतो. जे उभं राहतं त्याला शाई लागते, जे काढलं ते कागदावर पांढरं राहतं. अँटवर्पच्या भागात अशा कामाला नाशपतीसारखं घट्ट, बारीक पोताचं लाकूड आवडीने वापरत. ब्लॉकवर काढलेलं छापताना उलटं होतं, तो हिशेब चित्रकाराने आधीच मनात धरायचा असतो.

येगरच्या छाप्यातल्या एखाद्या झग्यावर नजर ठेवा. सॅटिन चमकतं कुठे? जिथे घडी उंच येते तिथे. तिथे येगरची रेघ केसासारखी बारीक होते आणि तुटते. घडी आत वळली की तीच रेघ फुगत जाते, शेजारणीला जवळजवळ चिकटते आणि अंधार होतो. सावली आणखी गडद हवी तिथे रेघांवर आडव्या रेघा येतात. पेनाने ही जाळी काढायला मिनिट लागतं. लाकडात मात्र जाळीतला प्रत्येक इवलासा पांढरा चौकोन चाकूच्या टोकाने वेगळा उचलून काढावा लागतो. चार बाजूंनी चार काप, मग मधला कण बाहेर. एका झग्याच्या एका सावलीत असे किती चौकोन असतील, याचा अंदाज बांधायला गेलं की बोटं दुखायला लागतात. गुहेचा गडद काळोख मात्र स्वस्त. लाकूड जितकं कमी उकराल तितका तो दाट.

रुबेन्सने यासाठी केलेली दोन मोठी रेखाटनं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. खाली काळा खडू, वर तपकिरी शाईची पेनरेघ, मग नीळ, हिरवा आणि पांढरा रंग. त्यातली पेनरेघ बघितली की कळतं, हा माणूस कोरक्याचा हात ओळखून रेघ काढतोय. येगरने काढलेल्या काही छाप्यांच्या प्रुफांवर रुबेन्सने स्वतः ब्रशने दुरुस्त्या केल्या आहेत. इथे उजळ कर, तिथे दाब. माझ्या वर्गातही दुसरं काही चालत नाही.

खरं तर तेव्हा वूडकट ही जुनाट गोष्ट झाली होती. प्रतिष्ठा ताम्रपत्राला होती. लाकडी ठसा पुस्तकातली वेलबुट्टी, सजवलेली आद्याक्षरं, स्वस्त चित्रपत्रकं यांच्या कामाचा. येगरची भाकरीही त्यावरच चालत असे. अँटवर्पच्या प्रसिद्ध प्लांटिन-मोरेटस छापखान्यासाठी तो अशीच कामं करायचा. रुबेन्सने मात्र व्हेनिसचा चित्रकार तिशियन याचे भव्य वूडकट पाहिले होते आणि या माध्यमात काय ताकद आहे हे तो जाणून होता. १६३०च्या दशकात त्याने येगरकडून एकूण नऊ वूडकट करून घेतले. लाकडी ब्लॉकचा आणखी एक फायदा म्हणजे तो लवकर झिजत नाही. तांब्यावरच्या बारीक रेघा दाबाखाली लवकर मंदावतात, लाकूड मात्र पुष्कळ प्रती सोसतं.

दुकानाचा हिशेब

रुबेन्स कलावंत होता तितकाच पक्का व्यापारी. आपल्या चित्रांचे चोरटे छापे निघू नयेत म्हणून त्याने १६१९ मध्ये फ्रान्सच्या राजाकडून आणि स्पेनच्या ताब्यातल्या दक्षिण नेदरलँडच्या राज्यकर्त्यांकडून, तर १६२० मध्ये डच प्रजासत्ताकाकडून छपाईचे विशेष हक्क मिळवले. एकमेकांचं तोंड न बघणारी ही राज्यं. पण रुबेन्सच्या कागदावर तिघांचीही मोहोर. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या नायिका संस्थानिकांच्या महालांतून साध्या घरांच्या भिंतींवर आल्या. रुबेन्सने अडीचशे वर्षं आधी मांडलेला हिशेब बराचसा तसाच होता.

या हिशेबात कोरक्याच्या वाट्याला काय यायचं, हा नाजूक प्रश्न. येगरच्या आधी रुबेन्सकडे लुकास व्होर्स्टरमान हा तांब्यावर कोरणारा विलक्षण कारागीर होता. आपल्या कामाचं चीज होत नाही, नाव मात्र मालकाचं होतं, या भावनेने तो इतका पेटला की १६२२च्या सुमारास प्रकरण रुबेन्ससाठी सरकारकडे संरक्षण मागण्यापर्यंत गेलं.

छाप्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तीन लॅटिन खुणा असतात. ‘डेलिन’ म्हणजे रेखाटलं कुणी, ‘स्कल्प्’ म्हणजे कोरलं कुणी, ‘एक्स्’ म्हणजे प्रसिद्ध केलं कुणी. येगरच्या वूडकटांवर पहिल्या आणि तिसऱ्या खुणेपाशी रुबेन्स, मधल्या खुणेपाशी येगर. १६४० मध्ये रुबेन्स गेला. मग येगरने बरेचसे ब्लॉक विकत घेतले आणि स्वतःच्या नावाने पुन्हा छापले. या शेवटच्या हिशेबाने मला दरवेळी बरं वाटतं.

प्रेमाचं पाठ्यपुस्तक

हे छापे विकत घेणाऱ्याला त्यातून काय मिळत असे? शोभा तर होतीच, पण त्याहून जास्त शिकवण मिळे. प्रेम कसं करावं हेही तेव्हा छापील कागदावरून शिकता येई.

रुबेन्सचा गुरू ऑटो व्हान व्हेन याने १६०८ मध्ये अँटवर्पलाच ‘अमोरुम एम्ब्लेमाता’ हे पुस्तक काढलं. पानोपानी गुबगुबीत कामदेवाची लंबवर्तुळात बसवलेली चित्रं आणि समोरच्या पानावर अनेक भाषांत बोधपर ओळी. एका प्रतीत लॅटिनबरोबर डच आणि फ्रेंच, दुसरीत इटालियन, तिसरीत इंग्रजी, म्हणजे गिऱ्हाईक बघून भाषा. एका चित्रात कामदेव माळ्यासारखा झारी घेऊन रोपांना पाणी घालतो आहे. तात्पर्य, प्रेमाची निगा राखावी लागते. वयात आलेल्या मुलामुलींना भेट द्यायला अशी पुस्तकं सोयीची. उपदेश असल्यामुळे आईबापांची हरकत नाही, कामदेव असल्यामुळे वाचणाऱ्यांचीही नाही.

पॅरिसमध्ये हाच धंदा अब्राहाम बॉस या कोरक्याने कपड्यांपासून सुरू केला. १६२९ मध्ये जाँ द सँतिन्यीच्या रेखाटनांवरून त्याने ‘फ्रेंच सरदारांची बाग’ ही छाप्यांची मालिका केली. नावातच म्हटलं आहे की या बागेतून पोशाखाच्या तऱ्हा खुडून घ्याव्यात. एकेका कागदावर एकेक स्त्री किंवा पुरुष. झगा कसा उचलायचा, हातमोजा कुठल्या हातात, लेस कॉलरवरून किती उतरायला हवी, केप एका खांद्यावरून कशी सोडायची. मागे बागेची किंवा गावाची नुसती सूचना. रुआँच्या शिंप्याला किंवा लियोंच्या व्यापाऱ्याच्या मुलीला पॅरिसच्या दरबारात न जाता हे सगळं बघता येई. पुढे १६३३ मध्ये तेराव्या लुईने परदेशी लेस आणि जरीकामाच्या उधळपट्टीवर बंदीचा हुकूम काढला. बॉसने लगेच लेसचे कपडे काढून ठेवणारा दरबारी आणि त्याची जोडीदारीण यांचे छापे बाजारात आणले. एरवी नटणं विकणाऱ्याने न नटणंही विकून दाखवलं.

माझ्यासारखे लोक बॉसला मानतात ते दुसऱ्याच कारणाने. १६४५ मध्ये त्याने एचिंगवर युरोपातलं पहिलं सविस्तर पुस्तक लिहिलं. व्हार्निश कसं शिजवायचं, ते प्लेटवर कसं पसरायचं, मेणबत्तीच्या काजळीने ते काळं कसं करायचं, सुई कशी धरायची, ॲसिड किती वेळ ओतायचं, सगळं चित्रांसकट. कारागिरांनी पोटाशी धरून ठेवलेली विद्या त्याने उघड्यावर मांडली. प्लेट काजळीने काळी करायची रीत आमच्या स्टुडिओत अजून तीच आहे.

एकच हत्यार

ज्याच्या रीतीवर बॉसने पुस्तक रचलं तो झाक कालो लोरेन या तेव्हाच्या वेगळ्या संस्थानातल्या नान्सी शहरचा. एचिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र काढायचं आणि ॲसिड ओतायचं. जिथे तांबं उघडं पडलं तिथे ॲसिड खातं. पण मऊ थर उखडे, ॲसिड नको तिथे घुसे आणि प्लेट फुकट जाई. कालोने ल्यूट हे वाद्य बनवणारे वापरत तसलं कडक व्हार्निश वापरलं. सुईऐवजी टोक तिरकं छाटलेलं हत्यार घेतलं. ते बोटांत फिरवलं की एकाच ओढीत रेघ बारीकची जाड होते. थर पक्का असल्यामुळे प्लेट पुन्हा पुन्हा ॲसिडखाली घेता येऊ लागली. दूरच्या रेघा एकदा खाल्ल्या की झाकून टाकायच्या, जवळच्या रेघा आणखी खाऊ द्यायच्या. मग जवळची माणसं ठसठशीत होतात आणि दूरची झाडं हवेत विरतात.

१६२५ सालचा त्याचा ‘नान्सीचा बगीचा’ बघा. लोरेनच्या डचेसला अर्पण केलेल्या या छाप्यात महालामागची आखीवरेखीव बाग पसरली आहे आणि तिच्यात दरबारी मंडळी हिंडताहेत. पुढची जोडपी बोटभर उंच, मधली नखाएवढी आणि पार मागची नुसते ठिपके. तरी त्या ठिपक्यांतही कोण वाकून मुजरा करतंय आणि कोण तोऱ्यात उभं आहे ते ओळखता येतं. इथलं प्रेम एकांतातलं नाहीच. सगळे एकमेकांना दिसतात आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे. दरबारी प्रेमाची खरी अट हीच होती की ते दिसलं पाहिजे.

आठ वर्षांनी, १६३३ मध्ये फ्रान्सच्या फौजांनी नान्सी घेतलं. त्याच वर्षी कालोची ‘युद्धाचे मोठे क्लेश’ ही १८ छाप्यांची मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या एका छाप्यात भलं मोठं झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना फाशी दिलेली माणसं ओळीने लटकताहेत. फांद्या, पानं, लहान लहान माणसं हे सगळं बागेच्याच हाताने, त्याच हत्याराने काढलेलं. हे दोन कागद मी विद्यार्थ्यांना नेहमी शेजारी ठेवून दाखवते. बरोक बागांचा काळ हा तीस वर्षांच्या युद्धाचाही काळ होता, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

रेम्ब्रांटचा चिमटा

रुबेन्सच्या छाप्यावर बोलताना एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “मॅडम, हे सगळं खोटंच ना? इतके महागडे कपडे घालून गवतावर कोण बसेल?”

हा प्रश्न सतराव्या शतकातही पडला होता. हॉलंडमध्ये तेव्हा श्रीमंतांना मेंढपाळ व्हायची हौस आली होती. नाटकांत, गाण्यांत, चित्रांत गुळगुळीत गालांचे मेंढपाळ आणि त्यांच्या रेशमी मेंढपाळणी. १६४२ मध्ये, म्हणजे ‘नाइट वॉच’ हे त्याचं चित्र पूर्ण झालं आणि बायको सास्किया वारली त्याच वर्षी, रेम्ब्रांटने पंजाएवढी एक प्लेट केली. रानात एक मुलगी फुलांचा हार गुंफते आहे. तिच्या पुढ्यात बासरीवाला पालथा पसरला आहे, खांद्यावर घुबड. बासरी हातात आहे, पण नजर सरळ तिच्या झग्याखाली. मेंढ्या मागे दाटीवाटीने उभ्या. हा छापा वेगवेगळ्या टप्प्यांवर काढलेला मिळतो. आधीच्या प्रतींत मुलीच्या डोक्यावरच्या झाडीत आणखी एक चेहरा डोकावतो, नंतर रेम्ब्रांटने तो प्लेटवरून घासून टाकला.

दरबारी प्रेमात झुरायचं, सेवा करायची, वाट बघायची. रेम्ब्रांटने एवढ्याशा कागदात त्या सोज्वळपणाला चिमटा काढला. फूल, झाड, वाद्य, मेंढी सगळं नियमाप्रमाणे आहे. फक्त त्या माणसाचे डोळे खरे आहेत. हा विनोद कळायला मूळ बाग पाठ असावी लागते आणि डच गिऱ्हाइकांना ती छाप्यांमुळे पाठ होती.

राजाची जत्रा नव्हे, जाहिरात

१६६४च्या मे महिन्यात चौदाव्या लुईने व्हर्सायच्या बागेत ‘मंतरलेल्या बेटाची मौज’ नावाचा अनेक दिवसांचा सोहळा केला. ६००हून अधिक पाहुणे होते. कागदोपत्री तो राजमाता आणि राणीच्या सन्मानार्थ होता. प्रत्यक्षात तो लुईज द ला व्हालिएर या राजाच्या प्रेयसीसाठी आहे, हे दरबारात सगळ्यांना माहीत होतं. राजा २५ वर्षांचा होता. इटालियन कवी अरिओस्तोच्या महाकाव्यातल्या आल्सिना जादूगारणीची कथा बागेत उभी केली होती आणि राजा स्वतः नायक रुजिएरोच्या वेषात घोड्यावर बसून आला. मोलिएरचं नवं नाटक झालं. तिसऱ्या रात्री पाण्यातल्या बेटावरचा आल्सिनाचा महाल आतषबाजीत उडवून दिला.

एका रात्रीत जळून गेलेला महाल राजाच्या काय कामाचा? म्हणून इस्राएल सिल्व्हेस्त्रने सोहळ्याचे प्रसंग तांब्यावर उतरवले आणि १६७३ मध्ये ते राजाच्या खर्चाने मोठ्या आकारात छापून निघाले. असे संग्रह परदेशी दरबारांत नजराणे म्हणून जात. सिल्व्हेस्त्रच्या प्लेटांत प्रेमिक शोधावे लागतात. दिसतात त्या रांगा. झाडांच्या रांगा, मशालींच्या रांगा, पाठमोऱ्या प्रेक्षकांच्या रांगा आणि मध्यभागी राजा. रुबेन्सच्या बागेत नवरा-बायकोची ओढ होती. कालोकडे शहराचा डौल होता. इथे बाग ही राज्याची जाहिरात झाली. ही चित्रं मला कारागिरी म्हणून अचाट वाटतात, पण त्यांत कुणी कुणाचा हात धरला आहे का, हे बघावंसंही वाटत नाही.

गोव्यामार्गे

अँटवर्पच्या छाप्यांची वाट आपल्या दाराशीही येऊन गेली आहे. ज्या छापखान्यासाठी पुढे येगरने काम केलं, त्याच प्लांटिनच्या छापखान्यात १५६८ ते १५७२ या काळात अनेक भाषांतलं आठ खंडांचं भव्य बायबल छापलं गेलं. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोचले, तेव्हा हे खंड त्यांनी त्याला नजर केले. त्यांतल्या आणि नंतर आलेल्या कोरीव चित्रांचा मुघल चितारांनी बारकाईने अभ्यास केला. केशवदासासारख्यांनी युरोपीय छाप्यांवरून स्वतःची चित्रं केली. ही चित्रं बहुतांशी धार्मिक होती. प्रेमाच्या बागा आपल्याकडे आधीपासून होत्याच, त्यांच्यासाठी अँटवर्पकडे बघायची गरज नव्हती.

वाट उलटीही होती. १६५०च्या दशकात रेम्ब्रांटच्या हाती मुघल लघुचित्रं पडली आणि आशियातून आलेल्या पातळ कागदावर त्याने त्यांच्या नकला केल्या. त्यांतल्या वीसहून अधिक आज टिकून आहेत. जहांगीर, शाहजहान, झाडाखाली बसलेले चार फकीर अशी त्यांची चित्रं. बासरीवाल्याची टर उडवणारा हा हात मुघल बादशहांपुढे किती नम्र झाला आहे, हे बघण्यासारखं आहे.

घरबसल्या बघा

पुढे अठराव्या शतकात पॅरिसच्या वातो या चित्रकाराने रुबेन्सची बाग आपल्या पद्धतीने पुन्हा लावली आणि त्याच्या मृत्यूनंतर जाँ द ज्युलिएन या चाहत्याने ती सगळी चित्रं छाप्यांत उतरवून घेतली. तरुण चित्रकार बूशेने त्यांतल्या शंभराहून जास्त प्लेटा केल्या. तोवर दरबारी प्रेमाची बाग आणि छापखाना यांची ताटातूट होणार नाही, हे पुरतं ठरून गेलं होतं.

हे छापे बघायला आज युरोपला जावं लागत नाही. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि २०१७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या संग्रहातली हजारो चित्रं मोठ्या आकारात फुकट उघडी केली आहेत. येगर, बॉस, कालो, रेम्ब्रांट सगळे तिथे आहेत. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा. चेहरे नंतर. आधी झग्याची एखादी घडी निवडा आणि रेघ फुटायला लागेपर्यंत मोठी करा. ती फुगते-आटते का बघा. जाळीतले पांढरे चौकोन शोधा, कालोची मागची झाडं पुढच्या झाडांहून फिकट कशी झाली ते पाहा. शेवटी तळाशी जा आणि नावं वाचा. यातला ‘कोरणारा’ बहुतेकदा कुणाच्या लक्षात राहत नाही. राजाच्या शयनगृहातली बाग तुमच्यामाझ्यापर्यंत पोचली ती त्याच्यामुळे, तेव्हा निदान त्याचं नाव वाचल्याशिवाय पान बंद करू नका.